दोन्ही पक्षांचा एकच उमेदवार : गव्हर्नर अर्ल वॉरन

जून १९४६. दुसरे महायुद्ध संपून वर्षही उलटले नव्हते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात पक्षांचे उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीची मतमोजणी चालली होती. रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान गव्हर्नर अर्ल वॉरन आपल्या पक्षाची उमेदवारी सहज मिळवतील, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. नवल घडले ते दुसऱ्या पेटीत. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनीही स्वतःच्या पक्षाचे नेते रॉबर्ट केनी यांना मागे सारून वॉरन यांच्याच पारड्यात जास्त मते टाकली होती. निवडणूक नोव्हेंबरमध्ये व्हायची होती. तिचा निकाल मात्र जूनमध्येच लागल्यासारखा झाला. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात दोन्ही प्रमुख पक्षांची उमेदवारी मिळवून गव्हर्नर झालेले वॉरन हे एकमेव.

येथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि कारभार मुख्यमंत्री पाहतात. अमेरिकेतील गव्हर्नर हा जनतेने थेट निवडून दिलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. अर्थसंकल्प, पोलीस, तुरुंग, रस्ते, विद्यापीठे असा सारा कारभार त्याच्या हाती असतो. म्हणून गव्हर्नरची फेरनिवडणूक म्हणजे चार वर्षांच्या कारभाराची परीक्षाच. वॉरन त्या परीक्षेत असे उत्तीर्ण झाले, की परीक्षकांमध्ये मतभेदच उरला नाही. या यशाच्या मागे आणि पुढे जे घडले, ते समजून घेतल्याखेरीज मात्र त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

रेल्वे कामगाराचा मुलगा

अर्ल वॉरन यांचा जन्म १९ मार्च १८९१ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील मेथायस नॉर्वेतून, तर आई क्रिस्टल स्वीडनमधून लहानपणी अमेरिकेत आलेली. वडील सदर्न पॅसिफिक रेल्वेत डबे दुरुस्त करण्याचे काम करीत. १८९४ च्या मोठ्या रेल्वे संपात भाग घेतल्यामुळे त्यांचे नाव काळ्या यादीत गेले आणि कामाच्या शोधात कुटुंबाला घर सोडावे लागले. अखेर हे कुटुंब बेकर्सफील्ड या धुळीने भरलेल्या, तेलाच्या आणि रेल्वेच्या गावात स्थिरावले. आपल्या मुलाला मधले नाव नाही, याचे कारण मेथायस गमतीने सांगत, की त्या काळी मधले नाव ठेवण्याइतकीही ऐपत नव्हती.

शाळेच्या सुट्टीत अर्ल रेल्वेत निरोप्याचे काम करी. गाडी सुटण्याआधी चालक आणि कामगारांना घरातून, गुत्त्यातून किंवा जुगाराच्या अड्ड्यावरून शोधून आणायचे, हे त्याचे काम. रुळांवर हातपाय गमावलेली आणि नुकसानभरपाईविना घरी बसलेली माणसे त्याने तेथे पाहिली. पगाराचा दिवस जुगारात उडवून रिकाम्या हाताने परतणारे कामगारही पाहिले. एका बलाढ्य रेल्वे कंपनीच्या मुठीत सारे राज्य कसे असते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून वॉरन यांनी १९१२ साली पदवी आणि १९१४ साली कायद्याची पदवी घेतली. विद्यार्थी म्हणून ते फार चमकले नाहीत. मित्र मात्र त्यांनी पुष्कळ जोडले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले, पण समुद्रापलीकडे जाण्याची वेळ येण्यापूर्वीच युद्ध संपले. १९२० मध्ये त्यांनी ओकलंड शहर ज्या अलमेडा जिल्ह्यात येते तेथे साहाय्यक सरकारी वकिलाची नोकरी धरली. थोडे दिवस अनुभव घ्यावा आणि मग स्वतःची वकिली थाटावी, असा विचार होता. ती वकिली त्यांनी कधीच थाटली नाही.

१९२५ साली ते जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील झाले आणि पुढील तेरा वर्षे त्या पदावर राहिले. दारूबंदीचा तो काळ. कायद्याने बंद झालेली दारू पोलिसांच्या आशीर्वादाने वाहत होती. वॉरन यांनी थेट जिल्ह्याच्या शेरीफवर, म्हणजे कायदा राखण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यावरच, लाचखोरीचा खटला चालवून त्याला तुरुंगात धाडले. त्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी निना मेयर्स या विधवा तरुणीशी विवाह केला होता. तिच्या पहिल्या मुलाला त्यांनी आपला मानले. पुढे पाच मुले झाली आणि आठ माणसांचे ते हसतमुख कुटुंब वर्तमानपत्रांतील छायाचित्रांमुळे राज्यभर ओळखीचे झाले.

१९३८ साली ते राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी, म्हणजे सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याच्या पदासाठी उभे राहिले. हे पदही तेथे निवडणुकीने भरले जाते. प्रचार ऐन भरात असताना मे महिन्यात बेकर्सफील्डच्या घरात त्यांच्या वडिलांचा खून झाला. म्हातारा एकटाच राहत होता. खुनी कधीच सापडला नाही. ज्याचे सारे आयुष्य गुन्हेगारांना शिक्षा देववण्यात गेले, त्याच्याच घरातील हा गुन्हा कायमचा अनुत्तरित राहिला. निवडणूक ते जिंकले. पुढच्या वर्षी सांता मोनिकाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात नांगरलेल्या जुगाराच्या जहाजांवर त्यांनी धाडी घातल्या. त्यांतील एका जहाजाचा मालक पाण्याचे फवारे सोडून कित्येक दिवस पोलिसांना अडवीत राहिला आणि अखेर शरण आला. त्या बातम्यांनी वॉरन यांचे नाव घरोघर पोहोचले.

भीतीच्या लाटेवर

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पॅसिफिक महासागराच्या काठावरचे हे राज्य भयाने थरारले. कॅलिफोर्नियात त्या वेळी जपानी वंशाचे सुमारे ९४ हजार लोक राहत होते. शेती, फळबागा, मासेमारी, छोटी दुकाने हे त्यांचे व्यवसाय. त्यांतील पहिल्या पिढीला कायद्यानेच नागरिकत्व नाकारलेले होते; जमीन विकत घेण्याचीही त्यांना मनाई होती. त्यांची मुले मात्र अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे जन्माने नागरिक होती.

या सर्वांना किनाऱ्यावरून हलवावे, अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा तिला कायद्याचे वजन देणाऱ्यांत वॉरन पुढे होते. आशियाई स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एका संघटनेचे ते जुने सभासद होते आणि त्या वातावरणातच वाढले होते. जपानी कुटुंबांच्या जमिनी विमानतळ, रेल्वे, धरणे यांच्याजवळ कशा आहेत, हे दाखविणारे नकाशे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून तयार करवून घेतले. फेब्रुवारी १९४२ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी असा तर्क मांडला, की आजवर घातपाताची एकही घटना घडली नाही हेच सर्वांत चिंताजनक लक्षण आहे, कारण त्यावरून योग्य वेळेची वाट पाहिली जात असावी असे दिसते. निर्दोष असण्याचाच पुरावा येथे अपराधाचा पुरावा ठरला होता. वीस वर्षे न्यायालयात पुरावे तोलणाऱ्या वकिलाच्या हे ध्यानात आले नाही.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजीच हुकूम काढला होता. त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १ लाख २० हजार माणसे घराबाहेर काढली गेली. त्यांपैकी दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. काहींना प्रथम घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तबेल्यांत ठेवले गेले; नंतर वाळवंटातील काटेरी तारांच्या छावण्यांत. हातात घेता येईल तेवढेच सामान बरोबर. उभी पिके, होड्या, दुकाने मिळेल त्या किमतीला विकावी लागली. हेरगिरीचा किंवा घातपाताचा एकही प्रकार या लोकांकडून घडला नव्हता, हे पुढे सरकारी चौकशीतच नोंदले गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉरन यांनी डेमोक्रॅटिक गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांचा पराभव केला. सुमारे ५७ टक्के मते त्यांना मिळाली. युद्धकाळात खंबीर माणूस हवा, अशी लोकभावना होती आणि ती खंबीरता वॉरन यांनी कुणाविरुद्ध दाखविली होती, हे मतदारांना माहीत होते.

पक्षाची चौकट ओलांडणारा कायदा

जानेवारी १९४३ मध्ये वॉरन यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे घेतली. राज्य झपाट्याने बदलत होते. जहाजबांधणीच्या गोद्या आणि विमानांचे कारखाने यांत काम मिळवण्यासाठी देशभरातून माणसे येत होती. १९४० साली ६९ लाख असलेली कॅलिफोर्नियाची लोकसंख्या १९५० पर्यंत १ कोटी ५ लाखांवर गेली. दहा वर्षांत एका राज्यात दुसरे अर्धे राज्य येऊन वसावे, तसा हा प्रकार होता. युद्धामुळे तिजोरीत शिल्लक पडत होती. ती उधळण्याऐवजी युद्धानंतरच्या शाळा, रस्ते आणि इस्पितळे यांसाठी वॉरन यांनी राखून ठेवली. भ्रष्टाचाराने पोखरलेल्या तुरुंग व्यवस्थेची त्यांनी पुनर्रचना केली. प्रशासनात नेमणुका करताना पक्ष पाहिला नाही.

हा पक्षनिरपेक्षपणा स्वभावातून आला तसाच कायद्यातूनही आला होता. १९१३ पासून कॅलिफोर्नियात एक वेगळी पद्धत होती. एका पक्षाच्या उमेदवाराला दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतही आपले नाव देता येत असे. क्रॉस फायलिंग या नावाने ती ओळखली जाई. रेल्वे कंपन्या आणि पक्षांचे ठेकेदार यांची पकड ढिली करणे हा तिचा मूळ हेतू. मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापला जात नसे. त्यामुळे परिचित नावाचा, विशेषतः पदावर असलेल्या माणसाचा, मोठा फायदा होई. एक अट होती. दुसऱ्या पक्षाची उमेदवारी हवी असेल, तर स्वतःच्या पक्षाची आधी जिंकलीच पाहिजे. १९१८ साली सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जेम्स रॉल्फ यांनी विरोधकांची उमेदवारी मिळवली आणि स्वपक्षाची गमावली. त्यामुळे ते दोन्हींना मुकले.

पक्षांतर हा शब्द आपल्या गोव्यातील वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र क्रॉस फायलिंग म्हणजे पक्षांतर नव्हे. पक्षांतरात निवडून आलेला माणूस मतदाराला न विचारता पलीकडे जातो. येथे उमेदवार स्वतःचा पक्ष न सोडता पलीकडच्या मतदाराच्या दारी जाऊन कौल मागत असे. वॉरन यांनी या पद्धतीचा उपयोग जितक्या निष्ठेने केला, तितका क्वचितच कुणी केला असेल. कॅलिफोर्नियात नोंदणीकृत डेमोक्रॅटिक मतदार रिपब्लिकनांपेक्षा बरेच जास्त होते. त्यांच्या मतांविना रिपब्लिकन गव्हर्नर निवडून येणेच शक्य नव्हते.

पक्षाची चौकट ओलांडण्याची किंमतही त्यांनी मोजली. १९४४ साली मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाने ते आजारी पडले. आपल्याला उपचार परवडले, पण मजुरी करणाऱ्या माणसावर अशी वेळ आली तर त्याच्या घराचे काय होईल, हा विचार त्यांना सोडेना. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी सक्तीच्या आरोग्य विम्याची योजना मांडली. कामगार आणि मालक या दोघांनी पगाराच्या दीड दीड टक्का वर्गणी भरायची आणि त्यातून सर्वांच्या उपचाराचा खर्च भागवायचा, असे तिचे स्वरूप होते. राज्यातील डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. या विरोधाच्या प्रचाराचे काम संघटनेने क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या जोडप्याच्या कंपनीला दिले. १९४२ मध्ये वॉरन यांचा प्रचार सांभाळणारे हेच ते दोघे. निवडणूक कशी जिंकायची हे त्यांनी वॉरन यांच्यासाठी करून दाखविले होते. आता कायदा कसा पाडायचा हे त्यांनी वॉरन यांच्याविरुद्ध करून दाखविले. वर्तमानपत्रांतून जाहिरातींचा मारा झाला. समितीत अडकलेले विधेयक सभागृहात आणण्याचा प्रयत्न एका मताने फसला.

१९४६ : सर्वांचा कौल

१९४६ च्या फेरनिवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने केनी यांना उतरविले. ते राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होते, हुशार आणि विनोदी स्वभावाचे म्हणून लोकप्रियही होते. त्यांनी निर्णय घ्यायला वेळ लावला आणि प्रचारात जीव ओतला नाही. पण खरी अडचण वेगळीच होती. आरोग्य विमा मागणारा, बेकारांसाठी तरतूद करणारा, कामगारांशी बोलणारा रिपब्लिकन गव्हर्नर समोर असताना डेमोक्रॅटिक उमेदवाराने वेगळे असे काय सांगायचे? वॉरन यांनी विरोधी पक्षाचा कार्यक्रमच बराचसा आपलासा केला होता.

जूनमध्ये डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत वॉरन यांनी केनी यांच्यावर साठ हजारांच्या आसपास मतांनी मात केली. रिपब्लिकन पेटीत तर स्पर्धाच नव्हती. ५ नोव्हेंबरला त्यांच्यासमोर दारूबंदीवादी पक्षाचा एक उमेदवार तेवढा उरला. वॉरन यांना २३ लाखांहून अधिक, म्हणजे ९१ टक्क्यांवर मते पडली.

त्याच मतपत्रिकेवर आणखीही प्रश्न होते. गोव्यात १९६७ साली जसा जनमत कौल झाला, तसे थेट कौल कॅलिफोर्नियात दर निवडणुकीबरोबर घेतले जातात. त्या दिवशी एका प्रस्तावात नोकरीत वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास बंदी घालण्याची मागणी होती. मतदारांनी तो प्रचंड बहुमताने फेटाळला. दुसऱ्या प्रस्तावात जपानी स्थलांतरितांविरुद्धच्या जमीनबंदीचे कायदे अधिक पक्के करायचे होते. तोही मतदारांनी फेटाळला. वॉरन यांना एकमुखाने निवडणारी जनता या प्रश्नांवर अशी दोन दिशांना ओढली जात होती. भेदभाव तिला चालत होता. छावण्यांतून परतलेल्या आणि ज्यांची मुले अमेरिकेच्या सैन्यात इटलीत व फ्रान्समध्ये लढली त्या शेजाऱ्यांवर आणखी घाव घालणे मात्र तिला नको वाटू लागले होते.

गव्हर्नर स्वतःही असेच बदलत चालले होते. १९४३ पर्यंत जपानी वंशाच्या लोकांना परत येऊ देण्यास त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९४४ मध्ये केंद्र सरकारने बंदी उठविल्यावर मात्र त्यांनी कायद्याचे पालन करा, परतणाऱ्यांना सुखाने राहू द्या, असे जनतेला बजावले. पण आपली भूमिका चुकली, असे त्यांनी उघडपणे म्हटले नाही. ९१ टक्के मते मिळालेल्या माणसाला तसे म्हणायला कुणी भागही पाडले नाही. ज्यांना प्रश्न विचारायचा होता, त्यांतील थोरल्या पिढीला मताचा हक्कच नव्हता आणि धाकटी पिढी उद्ध्वस्त घरे सावरण्यात गुंतली होती.

एवढ्या मोठ्या कौलाने सत्तेचे सारे दरवाजे उघडतील, असे वाटावे. प्रत्यक्षात तसे झाले नाही. आरोग्य विम्याचे विधेयक त्यांनी पुन्हा आणले आणि ते पुन्हा पडले. १९४७ मध्ये महामार्गांसाठी पेट्रोलवरील कर वाढविण्याचा प्रस्ताव तेल कंपन्यांच्या तीव्र विरोधाला तोंड देऊन त्यांनी मंजूर करून घेतला. आजच्या कॅलिफोर्नियातील रस्त्यांच्या जाळ्याचा पाया त्यातून घातला गेला. त्याच वर्षी त्यांनी आणखी एका विधेयकावर सही केली. त्या वेळी तिची फारशी चर्चा झाली नाही. मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळेत घालणे बेकायदा आहे, असा निकाल पालकांनी न्यायालयातून मिळवला होता. त्यानंतर आशियाई आणि मूळनिवासी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची मुभा देणारी जुनी कलमे वॉरन यांच्या सहीने रद्द झाली.

तिसरी निवडणूक आणि एक फोन

१९४८ साली रिपब्लिकन पक्षाने थॉमस ड्युई यांच्यासोबत वॉरन यांना उपाध्यक्षपदासाठी उभे केले. विजय ठरलेलाच आहे, असे सर्वांना वाटत असताना ट्रुमन जिंकले. वॉरन यांच्या आयुष्यात जनतेच्या मतदानात झालेला हा एकमेव पराभव.

१९५० मध्ये ते तिसऱ्यांदा गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. या खेपेस समोर दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जेम्स रूझवेल्ट होते आणि डेमोक्रॅटिक उमेदवारी वॉरन यांच्या हाती लागली नाही. साम्यवादाच्या भयाने देश ग्रासलेला होता. विद्यापीठातील प्राध्यापकांनी राजनिष्ठेची शपथ न घेतल्यास त्यांना काढून टाकावे, या मागणीला वॉरन यांनी नियामक मंडळात विरोध केला. पण निवडणुकीच्या तोंडावर सर्व सरकारी नोकरांवर शपथेची सक्ती करणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. मतपेटीचे दडपण त्यांनाही होते.

मतदानाच्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, त्यांची धाकटी मुलगी निना हिला पोलिओ झाल्याचे निदान झाले. हनी बेअर या लाडक्या नावाने तिला सारे राज्य ओळखत होते. दहा लाखांहून अधिक मताधिक्याने बाप निवडून येत होता आणि सतरा वर्षांच्या मुलीचे पाय निर्जीव झाले होते. विजयोत्सव सोडून ते इस्पितळात गेले. पुढे उपचारांनी ती पुन्हा चालू लागली. सलग तीनदा निवडून आलेले कॅलिफोर्नियाचे एकमेव गव्हर्नर म्हणून वॉरन यांची नोंद झाली.

मतांच्या पलीकडे

सप्टेंबर १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचे निधन झाले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या जागी वॉरन यांना नेमले. न्यायाधीशपदाचा त्यांना अनुभव नव्हता. शाळांतील वर्णभेदाचा खटला न्यायालयापुढे प्रलंबित होता आणि न्यायमूर्तींमध्ये एकमत नव्हते. वॉरन यांनी घाई केली नाही. एकेकाशी बोलत, जेवणाच्या टेबलावर समजावीत, त्यांनी नऊही जणांना एका निकालावर आणले. हृदयविकाराच्या झटक्याने इस्पितळात असलेल्या न्यायमूर्ती जॅक्सन यांच्याकडे निकालाचा मसुदा ते स्वतः घेऊन गेले. १७ मे १९५४ रोजी सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी असल्याचा निकाल एकमताने दिला गेला. दोन्ही पक्षांना एका नावावर आणण्याची गव्हर्नराची हातोटी येथे कामी आली होती.

पुढील पंधरा वर्षांत त्यांनी आपल्याच जुन्या भूमिकांना छेद देणारे निकाल दिले. वीस वर्षे आरोपींची जबानी घेणारा हा सरकारी वकील. १९६६ साली, अटकेतील माणसाला गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क आहे हे पोलिसांनी आधी सांगितलेच पाहिजे, असा दंडक त्याने घालून दिला. गव्हर्नर असताना, १९४८ साली, राज्याच्या सिनेटमधील विषम मतदारसंघ बदलण्यास त्यांनी विरोध केला होता. त्या व्यवस्थेत लाखो लोकांच्या लॉस एंजेलिस जिल्ह्याला एकच जागा होती आणि काही हजार लोकवस्तीच्या डोंगराळ भागालाही एकच. १९६४ मध्ये सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच निकाल लिहिला, की प्रत्येक मताचे मोल सारखे असले पाहिजे. त्या बाबतीत पूर्वी आपण राजकीय सोय पाहिली, हे त्यांनी मान्य केले.

ज्याला एके काळी दहांतील नऊ मतदारांनी निवडले, त्याच्यावर महाभियोग चालवा, असे फलक आता देशभर रस्त्यांच्या कडेला झळकत होते. त्यांना उत्तर देण्यासाठी मते मागायची नव्हती. १९६९ साली ते निवृत्त झाले आणि ९ जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

एका विषयावर मात्र ते जवळजवळ अखेरपर्यंत गप्प राहिले. १९४२ मधील भूमिकेबद्दल माफी मागावी, अशी अपेक्षा जपानी वंशाच्या अमेरिकनांनी अनेकदा व्यक्त केली होती. मृत्यूपूर्वी काही वर्षे एका मुलाखतीत घरापासून तुटलेल्या लहान मुलांचा विषय निघाला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि बोलणे थांबवावे लागले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, त्या काळी आपण घेतलेल्या भूमिकेचा तीव्र पश्चात्ताप त्यांनी नोंदविला. ते छापून आले तेव्हा ते हयात नव्हते. सरकारने अधिकृत माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले, ते १९८८ च्या कायद्याने. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन हेही कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नरच.

क्रॉस फायलिंगची पद्धत १९५९ मध्ये रद्द झाली. त्यामुळे १९४६ चा विक्रम आता कुणी मोडू शकणार नाही. निवडणुकीच्या इतिहासात तो गौरवाने नोंदलेला आहे आणि वॉरन यांच्या स्वच्छ, कष्टाळू कारभाराने तो मिळवलेलाही होता. पण त्या २३ लाख मतांच्या बेरजेत मॅन्झनारच्या छावणीतून परतलेल्या, मताचा हक्क नसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे मत कुठेच मोजले गेले नाही. त्याचा हिशेब वॉरन यांना मतपेटीने कधी विचारला नाही. तो त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर लिहायला तीस वर्षे लागली.